डोंगा आमचा, काठ आमचा, मग परवाना कोणाचा?



भावांनो, बहिणींनो, गावोगावच्या बुजुर्गांनो,

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या एका तलावाच्या काठावरून सहा डोंगे उचलून नेले. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. डोंगेवाल्यांचं बोलणं अजून चालू आहे आणि हे पत्रक कोणाच्या हाती पडंल सांगता येत नाही. बोरी अरबवरून सायकलनं निघालं की दीड तासात माणूस तिथं पोचतो, एवढ्यावरून आपल्या लोकांना कळंल. त्या सहापैकी एक डोंगा माझ्या मामाचा होता.

मामा पहाटे जाळं काढायला गेला तर पळसाखाली डोंगा नाही. बुडाला नवं डांबर लावून त्यानं तो उलटा घालून ठेवला होता. मातीत ओढत नेल्याची खूण होती आणि झाडाच्या खोडाला एक कागद चिकटवला होता. मामाला वाचता येत नाही. त्यानं कागद काढला, घडी केली आणि माझ्याकडं आणला. म्हणाला, "पाय बरं भाच्या, हे काय लिवलं हाये?"

लिहिलं होतं ते असं. तलावाच्या काठावर परवान्याशिवाय होडी, डोंगा किंवा तराफा ठेवायला मनाई आहे. परवाना एका वर्षाचा. तो एकाच माणसाच्या नावानं निघंल, दुसऱ्याला देता येणार नाही. डोंग्यावर नंबर रंगवावा लागंल. डोंगा नेमून दिलेल्या जागेवरच ठेवावा लागंल. आणि शेवटची ओळ : परवाना कधीही, कारण न देता रद्द करता येईल.

आम्ही आठ-दहा जण कार्यालयात गेलो. तिथले साहेब काही वाईट बोलले नाहीत. चहा पण सांगितला. म्हणाले, "मासे पकडू नका असं कोणी म्हटलं का? पकडा ना. फक्त डोंगा ठेवायचा परवाना घ्या. वर्षाचे तीनशे रुपये आहेत. एवढ्यासाठी कशाला भांडता?"

मामा म्हणाला, "सायेब, मंग डोंगा घरी नेऊ का डोक्यावर?"

सगळे हसले. साहेब पण हसले. पण मामानं विचारलं तेच खरं आहे आणि त्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

काठ म्हणजे काय, ते कागदवाल्यांना माहीत नाही

डोंगा उचलायला चार माणसं लागतात. गाव तलावापासून कोसभर. रोज डोंगा घरी नेणं कोणाच्या बापाला जमत नाही. पाण्यातच ठेवला तर लाकूड सडते. म्हणून तो काठावर, झाडाच्या सावलीत, उलटा ठेवावा लागतो. काठावर जागा नसंल तर डोंगा नाही आणि डोंगा नसंल तर मासा नाही. "मासे पकडा, पण डोंगा काठावर ठेवू नका" म्हणणं म्हणजे "नांगर चालवा, पण बैल गावात बांधू नका" म्हणण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट. कागदात लिहिलं आहे, नेमून दिलेल्या जागेवर. पण तलावाचा काठ काही भिंत नाही. दसऱ्याला पाणी पळसाच्या बुडाशी असते. होळीला ते पार खाली सरकते. मे महिन्यात मधला सगळा गाळ उघडा पडतो आणि लोक तिथं गाळपेर करतात. पाणी सरकलं की डोंगा सरकतो, असं आजोबाच्या काळापासून चालू आहे. आता नंबरची जागा पळसाखाली आणि पाणी अर्धा कोस दूर. मग उन्हाळ्यात चार माणसांनी रोज सकाळी डोंगा खाली न्यायचा आणि संध्याकाळी चिखलातून वर आणायचा का? ज्यानं हा नियम लिहिला त्यानं मे महिन्यात तो तलाव पाहिलाच नसंल.

तिसरी गोष्ट कागदात नाही, पण काठावर दिसते. जिथून डोंगे उचलले तिथं आता झाडोरा साफ केला आहे, चुन्याच्या रेघा मारल्या आहेत. तिथं बोटिंग येणार म्हणतात. चिखलदऱ्याच्या शक्कर तलावावर तुम्ही पाहिलं असंल, पायडल मारायच्या बोटी काठाला बांधून ठेवलेल्या असतात. इकडं त्याच्यासोबत कयाक पण आणणार आहेत. कयाक म्हणजे एका-दोघांनी वल्हवायची अरुंद प्लास्टिकची होडी, लाल-पिवळ्या रंगाची. तिला ठेवायला टिनाचं शेड बांधणार.

शहरातल्या लेकरांनी पाण्यावर खेळू नये असं आमचं म्हणणं नाही. खेळा ना. पण रविवारी एक तास खेळायच्या होडीला शेड, आणि रोज पोट भरणाऱ्या डोंग्याला दंड, हा कोणता न्याय?

परवाना आणि हक्क यांच्यात फरक काय

आपले काही लोक म्हणतात, "तीनशे रुपये देऊन टाकू, कटकट मिटंल." सहापैकी दोघांनी पैसे भरले सुद्धा. त्यांना मी दोष देत नाही, घरी चूल पेटवायची असते. पण भरायच्या आधी दोन गोष्टी ऐकून घ्या. दोन्ही आपल्यासारख्या माणसांच्या आहेत.

पहिली तोतलाडोहची. पेंच नदीवरचा तोतलाडोह जलाशय, आपल्या नागपूर जिल्ह्याच्या आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर. पेंच राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथले आदिवासी बाहेर निघाले. त्यांचं पोट मासेमारीवर होतं. मध्य प्रदेश सरकारनं त्यांना मासेमारीचे ३०५ परवाने दिले. त्याच्याविरुद्ध पर्यावरणाची एक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च १९९७ मध्ये निकाल लागला. न्यायालयानं परवाने रद्द केले नाहीत. जंगल वाचलं पाहिजे, पण इथं राहणाऱ्या आदिवासींच्या जगण्याचा पण विचार झाला पाहिजे, असं मानलं. ही चांगली गोष्ट झाली आणि ती आपण नाकारू नये.

पण अटी बघा. प्रत्येकाला फोटोचं ओळखपत्र. ठरवून दिलेल्या वाटेनंच जायचं. उद्यानात दुसरीकडं पाय ठेवायचा नाही. काठावर चूल पेटवायची नाही. किती मासा निघाला त्याची रोज नोंद. आणि सगळ्यात मोठी अट : परवाना दुसऱ्याला देता येणार नाही आणि वारसालाही जाणार नाही.

म्हणजे बाप मेला की परवाना मेला. मुलगा त्याच गावचा, त्याच पाण्यावर वाढलेला, पण तो चोर. वरून माणसाच्या पोटाला आधार दिला आणि आतून पिढी तोडून टाकली. मामाच्या कागदातली ओळ आठवा, "एकाच माणसाच्या नावानं, दुसऱ्याला देता येणार नाही." तीच रीत आहे.

दुसरी गोष्ट तवा धरणाची. मध्य प्रदेशात तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, केसला भागात. धरणानं गावं बुडवली, लोक काठावर बसले आणि ठेकेदाराचे मजूर झाले. त्यांनी किसान आदिवासी संघटनेच्या बळावर लढा दिला आणि १९९६ मध्ये जलाशयाचा ठेका विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघाला मिळाला. तवा मत्स्य संघ त्याचं नाव. दहा वर्षं आदिवासींनी ते पाणी स्वतः सांभाळलं. मासा पकडला, विकला, हिशेब ठेवला. कोणी म्हणू शकलं नाही की यांना जमत नाही.

मग डिसेंबर २००६ मध्ये ठेक्याची मुदत संपली. पाणी व्याघ्र प्रकल्पात येते असं कारण पुढं आलं आणि ठेका परत मिळाला नाही. दहा वर्षांच्या चांगल्या कामाची किंमत शून्य. ठेका असो की परवाना, त्याच्यावर तारीख असते आणि ती तारीख दुसऱ्याच्या हातात असते.

आता हा योग पाहा. त्याच डिसेंबर २००६ मध्ये दिल्लीला संसदेनं वनहक्क कायदा मंजूर केला. एकीकडं ठेक्याची तारीख संपली आणि दुसरीकडं तारीख नसलेल्या हक्काचा कायदा झाला.

कायदा काय म्हणते

वनहक्क कायद्याचं कलम ३ (१) उघडा. त्यात सामूहिक हक्कांची यादी आहे. सरपण, मोहफूल, तेंदू, चराई हे आपल्याला पाठ आहे. त्याच यादीत चौथ्या पोटकलमात मासे आणि पाणवठ्यातली इतर उत्पन्नं यांच्यावरचा सामूहिक हक्क लिहिला आहे. सरळ शब्दात लिहिला आहे.

कलम ४ (४) म्हणते की हा हक्क वारसानं पुढं जातो, पण विकता येत नाही. तोतलाडोहच्या परवान्याशी ताडून पाहा. परवाना विकता येत नाही आणि वारसालाही जात नाही. हक्क विकता येत नाही, पण लेकराला जातो. सगळा फरक एवढ्यात आला.

कोणी म्हणंल, "कायद्यात मासे लिहिले, डोंगा ठेवायची जागा कुठं लिहिली?" लिहिली नाही, खरं आहे. पण मोहफुलाचा हक्क असंल तर झाडाखाली टोपली ठेवायचा वेगळा परवाना कोणी मागते का? मासे पकडायचा हक्क मानला तर त्याच्यासाठी लागणारी वाट, जाळं वाळवायची जागा आणि डोंगा ठेवायची जागा त्याच्यासोबतच येते. हे आमचं म्हणणं आहे, आणि ते ग्रामसभेच्या ठरावात स्पष्ट शब्दात लिहिलं पाहिजे, म्हणजे उद्या कोणी फाटा फोडणार नाही.

दुसरा प्रश्न येईल, "काठाची जमीन पाटबंधाऱ्याची आहे, जंगलाची नाही." इथं सावध राहा. वनहक्क कायदा वनजमिनीला लागू आहे. धरणात पुष्कळ ठिकाणी वनजमीन बुडाली, पण सगळा काठ वनाचाच असंल असं नाही. म्हणून आधी नकाशा काढा, गट नंबर पाहा. जिथं वन आहे तिथं कायद्यानं भिडा. जिथं नाही तिथं ग्रामपंचायतीच्या आणि संघटनेच्या बळानं भिडा, पण खोटं बोलून भिडू नका. एक खोटा गट नंबर सापडला की चार खरे बुडतात.

पेसा कायद्याबद्दल पण गैरसमज आहे. १९९६ च्या पेसा कायद्यात लहान पाणवठ्यांचं नियोजन आणि व्यवस्था पंचायतीकडं द्यायला सांगितलं आहे, पण ते अनुसूचित क्षेत्रापुरतं. आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा, झरी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागातली गावं त्यात येतात. आपला दारव्हा तालुका येत नाही. तिकडच्या भावांनी पेसा वापरावा. आपण बोरी अरबच्या भागातले लोक वनहक्क कायद्यावर उभे आहोत, आणि तो कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागतो.

भोई भावांशी भांडण नाही

हे पण स्पष्ट सांगतो, कारण फूट पाडायचं काम सुरू झालं आहे. भोई समाजाला सांगतात, "आदिवासी तुमचं पाणी घेतात." आपल्याला सांगतात, "भोयांची सोसायटी तुमचा मासा नेते." दोघंही एकाच चिखलात उभे राहतात. नेलेल्या सहा डोंग्यांत दोन भोई भावांचे होते. कायद्यात त्यांनाही जागा आहे, फक्त त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. तो पुरावा जमवायला आपण मदत केली पाहिजे. काठावर दोन गट पडले तर शेडवाला तिसरा जिंकते.

दुनियेत काय चालते

साहेब म्हणाले होते, "परदेशात पण होडी ठेवायला परवाना लागतो." खरं आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या आजूबाजूच्या काही नगरपालिका सार्वजनिक किनाऱ्यावर छोटी होडी ठेवायला फी घेऊन परवाना देतात, होडीवर स्टिकर लावतात, आणि बिनस्टिकरची होडी उचलून नेतात. तिथं होडी बहुतेक हौसेची असते. शंभर माणसांना एकाच किनाऱ्यावर हौसेची होडी ठेवायची असंल तर नंबर लावणं समजते.

पण त्याच ऑस्ट्रेलियाची दुसरी गोष्ट साहेबांनी सांगितली नाही. तिथं उत्तरेला ब्लू मड बे नावाची खाडी आहे. तिथल्या योलंगू आदिवासींची जमीन कायद्यानं त्यांची मानली आहे. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा, जो कधी पाण्याखाली आणि कधी उघडा असतो, तो कोणाचा यावर खटला झाला. २००८ मध्ये त्यांच्या देशाच्या सगळ्यात वरच्या न्यायालयानं ठरवलं की आदिवासींच्या जमिनीवरच्या त्या पट्ट्यात मासेमारीसाठी यायचं असंल तर सरकारचा परवाना पुरत नाही, आदिवासींची परवानगी लागते.

म्हणजे परवाना तिथं पण आहे, पण देणारा वेगळा आहे. आमचा नियमाला विरोध नाही. नियम कोण करणार, हा आमचा सवाल आहे.

आता आपली चूक

दुसऱ्यावर बोट दाखवणं सोपं असते. आता माझ्याबद्दल लिहितो.

कार्यालयात आम्ही कायदा दाखवला तेव्हा साहेबांनी फाईल मागवली. आमच्याच गावाचा सामूहिक दावा, नमुना ब. त्यांनी एका रकान्यावर बोट ठेवलं. मासे आणि पाणवठे यांच्या उपयोगाचा रकाना. त्याच्यात आडवी रेघ होती. साहेब म्हणाले, "तुमच्या दाव्यात मासे नाहीतच. मग हक्क कसला?"

ती रेघ मी मारली होती.

बारावी झाली होती, अक्षर चांगलं होतं, म्हणून गावानं मला अर्ज भरायला बसवलं. सगळ्यांचं लक्ष शेतीच्या पट्ट्यावर होतं. सामूहिक दावा रात्री उशिरा कंदिलापाशी भरला. सरपण लिहिलं, मोह लिहिला, चारोळी लिहिली, चराई लिहिली. माशांच्या रकान्याजवळ आलो आणि वाटलं, मासे काय, ते तर आहेतच, ते कोण हिसकावते? रेघ मारली आणि पुढं गेलो. समोर मामा बसला होता. मी त्याला विचारलं नाही. त्याला वाचता आलं असतं तर त्यानं माझा हात धरला असता.

ही रेघ माझ्या एकट्याची नाही. आपल्या गावांच्या फायली काढून पाहा. पट्ट्यासाठी आपण मोर्चे काढले, रात्र-रात्र बसलो आणि ते बरोबरच होतं. पण पाण्याचा दावा आपण मोकळा सोडला. संघटनेच्या बैठकीत पण हा विषय शेवटी, चहाच्या वेळेला यायचा. जो रकाना आपण मोकळा सोडतो तिथं दुसरा कोणी आपला परवाना चिकटवते.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "रेघ पुसता येते का रे?"

येते.

काय करायचं

१) आपल्या गावाचा सामूहिक दावा, नमुना ब, बाहेर काढा. माशांचा रकाना पाहा. रेघ असंल, कोरा असंल, तर पुरवणी दावा करा. दावे मागवायची मुदत कारण लिहून वाढवायचा अधिकार नियमानं ग्रामसभेलाच दिला आहे. कार्यालय "तारीख गेली" म्हणंल तर हे दाखवा.

२) येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची वाट पाहत बसू नका, त्याच्याआधी पाड्याची, पोडाची वनहक्काची ग्रामसभा घ्या. २०१२ च्या नियमानं निम्मे सदस्य हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. बाया नुसत्या सहीपुरत्या नको. मासा बाजारात नेऊन विकते कोण? बोरीच्या बाजारात टोपली घेऊन बसते कोण? तिलाच काठाची किंमत माहीत आहे.

३) पुरावे दोन पाहिजेत. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या, कोण कुठं डोंगा ठेवत होता, कोणत्या झाडाखाली, पाणी कुठवर यायचं. डोंगे ओढून पडलेल्या वाटा, जाळे वाळवायचे खांब, काठावरची देवाची जागा यांचा नकाशा काढा. जुनं निस्तारपत्रक किंवा गावाची जुनी नोंद असंल तर नक्कल काढा.

४) काठाची वही सुरू करा. कोणाचा डोंगा, कोण वापरते, कोणत्या महिन्यात कुठं ठेवते. मोडका डोंगा किती दिवस काठावर पडू द्यायचा, माशांच्या विणीच्या दिवसात जाळं कधी बंद, दुसऱ्याचं जाळं कापलं तर काय, हे ग्रामसभेनं ठरवून लिहायचं. मेंढा-लेखाच्या लोकांनी "आमच्या गावात आम्हीच सरकार" नुसतं भिंतीवर लिहिलं नाही, रजिस्टर पण ठेवलं. शिस्त आपण नाही लावली तर कोणी दुसरा लावंल, आणि तीनशे रुपये पण घेईल.

५) दावा नामंजूर झाला तर कारणासह लेखी मागा. तोंडी "नाही" ऐकून घरी येऊ नका. साठ दिवसांत वरच्या समितीकडं जाता येते.

६) ज्यांनी परवान्याचे पैसे भरले त्यांना वाळीत टाकू नका. पावती जपून ठेवा म्हणावं. त्या पावतीवरून हे सिद्ध होते की डोंगा होता, काठ होता आणि माणूस पण होता.

आमच्या गावानं पुरवणी दावा लिहिला आहे. या वेळी मी लिहीत होतो आणि मामा शेजारी बसून सांगत होता. माशांच्या रकान्यात जागा पुरली नाही, मागं कागद जोडावा लागला. मरळ, रोहू, कतला, झिंगे, सगळं आलं. जाळं वाळवायची जागा आली. आणि शेवटी मामाच्या शब्दात एक ओळ लिहिली : पाणी जिथवर जाईल तिथवर डोंगा जाईल.

डोंगे अजून परत आले नाहीत. कार्यालयाच्या मागच्या आवारात उन्हात उताणे पडले आहेत, लाकडाला भेगा पडायला लागल्या आहेत. पुढच्या बुधवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी आठ-दहा जण नको, आजूबाजूच्या सगळ्या गावांतून या. बाया टोपल्या घेऊन येतील. कोणी दगड उचलायचा नाही, कोणी दारू पिऊन यायचं नाही. हातात दाव्याची पोच आणि ग्रामसभेचा ठराव घेऊन या.

हक्काला तारीख नसते!
पाणी आमचं, काठ आमचा, नियम ग्रामसभेचा!
जल-जंगल-जमीन, कोणाच्या बापाची नाही!

जय सेवा!